मागे उरलेला बोकड कळपाचा बाप होऊ नये: मेंढी-शेळी पैदाशीबद्दल आलेल्या प्रश्नांना उत्तरं

मिरग तोंडावर आला आहे, आणि यंदा मेंढ्या-शेळ्यांच्या पैदाशीबद्दल बरेच प्रश्न आले. त्यातले तीन इथे घेतो. दुसऱ्याला जास्त वेळ देणार आहे, कारण बाकी दोघांची उत्तरंही त्यातूनच निघतात.

राजापूर तालुक्यातून एक भाऊ विचारतात: जत भागातला माडग्याळ जातीचा एडका आणून इथे मेंढीपालन सुरू करावं का?

माडग्याळ उंच, राघूच्या चोचीसारख्या बाकदार नाकाची, वजनाला भारी. तिची भुरळ पडणं साहजिक आहे. पण ही मेंढी सांगलीच्या कोरड्या माळावर घडली. आपल्याकडे धनगर बांधव दिवाळीनंतर घाट उतरतात, भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवतात, आपण त्यांना खताचा मोबदला देतो, आणि पावसाआधी ते पुन्हा घाट चढतात. हा रिवाज पिढ्यान् पिढ्यांचा आहे. घाटावरच्या, म्हणजे दख्खनी, मेंढीला इथला पाऊस सोसत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे. चार महिने ओल्या जमिनीवर खूर सडतात, लोकर भिजून राहते आणि पोटात जंत माजतात. महागडा एडका आणून पहिल्याच श्रावणात गमावू नका. बारमाही जनावर पाळायचं असेल तर आपली कोकण कन्याळ शेळी धरा. काळ्या अंगावर पांढऱ्या खुणा आणि नाकपुडीपासून कानापर्यंत चेहऱ्यावर पांढरे पट्टे, ही तिची ओळख. ती सिंधुदुर्गाच्या पावसातच तयार झालेली आहे.

कुडाळ तालुक्यातला महिला बचत गट विचारतो: आमच्या शेळ्या वर्षागणिक बारीक होत चालल्या आहेत. खाणं तेच, मग रक्त बिघडलं का?

ताई, मला या प्रश्नाची फार काळजी वाटते, कारण ही गोष्ट मी वाडीवाडीत पाहतो. गटारी आली, बकरी ईद आली की व्यापारी दारात येतो आणि सगळ्यात तगडा बोकड उचलून नेतो. पैसे चांगले मिळतात. मागे उरतो तो किरकोळ अंगाचा, ज्याला कुणी भाव दिला नाही. पुढच्या वर्षी सगळ्या शेळ्या त्याच्याकडूनच गाभण राहतात. निवड तुम्हीही करताच आहात, फक्त उलट्या दिशेने.

हिशेब मांडून बघू. कळपातल्या करडांचं तीन महिन्यांचं सरासरी वजन 10 किलो धरा. त्या वयाला 14 किलो भरलेला बोकड राखला, शेळ्या मात्र सरासरीच्याच आहेत, तर आईबाप मिळून सरासरीपेक्षा 2 किलो वर. या फरकातला साधारण चौथा हिस्सा रक्तातून पुढे उतरतो, बाकीचा दूध, चारा, गोठा यांच्यामुळे असतो. म्हणजे पुढच्या पिढीत करडामागे अर्धा किलो वाढ. 7 किलोचा उरलेला बोकड वापरला तर तेवढ्याच हिशेबाने पावणेचारशे ग्रॅम घट. एका पिढीत हे डोळ्यांना दिसत नाही. पाच पिढ्यांत दिसतं, आणि तेच तुम्हाला दिसलं आहे.

बोकड नजरेने निवडू नका, वजनकाट्यावर निवडा. कानात बिल्ला, एक साधी वही. जन्मतारीख, आई कोण, एकटं की जुळं, दूध तुटताना वजन किती, एवढं लिहा. जुळ्यातलं करडू 11 किलो भरलं आणि एकुलतं 13 किलो, तर मी जुळ्यातल्याकडे वळेन, कारण त्याने अर्ध्या दुधावर ते वजन कमावलं आहे. मात्र शेळी एकदा जुळं व्याली म्हणून तिला थोर मानू नका. जुळ्यांचा गुण रक्तातून फार थोडा उतरतो. तीन वेतं पाहा, आणि किती जन्मली यापेक्षा किती जगली हे मोजा.

आपल्यासाठी वजनाइतकाच मोठा गुण म्हणजे जंतांना तोंड देण्याची ताकद, आणि तोही काही अंशी वंशातून येतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला खालची पापणी ओढून आतला रंग बघा. लालभडक असेल तर ठीक. फिकट, पांढुरकी असेल तर रक्तपित्या जंताने अंग पोखरलं आहे, औषध द्या. पुन्हा पुन्हा औषध लागणाऱ्या शेळीची पिल्लं पैदाशीला ठेवू नका. अख्ख्या पावसात औषधाविना लाल पापणी टिकवणाऱ्या शेळीचा बोकड मात्र कितीही भाव आला तरी विकू नका.

बचत गट असल्याचा तुम्हाला मोठा फायदा आहे. पंचवीस-तीस शेळ्यांना एक बोकड पुरतो, पण तो दोन वर्षांवर राहिला की स्वतःच्या मुलींवर जातो. बाप-लेकीच्या संकरात पिल्लात 25 टक्के रक्तसंकोच येतो, म्हणजे चारांतल्या साधारण एका जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाची नक्कल असतात. करडं अशक्त निघतात, मरतूक वाढते. चार वाड्यांनी गोल फिरवणी ठेवा: पहिलीचा बोकड दुसरीला, दुसरीचा तिसरीला, तिसरीचा चौथीला, चौथीचा पहिलीला. विकत काहीच घ्यावं लागत नाही. नको असलेल्या नरांचं खच्चीकरण वेळेत करून घ्या, नाहीतर वही कितीही नीट ठेवली तरी बाप कोण ते कळणार नाही.

लांज्याहून विचारणा: जुळी देणारी मेंढी फलटणला मिळते म्हणतात, ते खरं का? आणि एडका शेळीला लावला तर?

खरं आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने नारी सुवर्णा मेंढी तयार केली. तिच्यातलं जुळ्यांचं जनुक बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळ या छोट्या मेंढीकडून आलं. याच जनुकाच्या जोरावर ऑस्ट्रेलियातली बुरुला मेरिनो मेंढी गाजली, आणि अठराव्या शतकाच्या शेवटी बंगालहून तिकडे गेलेल्या मेंढ्यांमधून ते तिथे पोचलं असं मानलं जातं. जुळ्यांचा गुण एरवी अनेक जनुकांत विखुरलेला असतो. इथे एकच जनुक मोठं काम करतं. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक बापाची. जुळ्यांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेला एडका साध्या मेंढ्यांवर सोडला तर प्रत्येक कोकराला एक प्रत मिळते. एकच प्रत असलेला सोडला तर निम्म्यांना. म्हणून रक्त तपासून घेतलेलाच एडका घ्या. एक प्रत असलेल्या शंभर मेंढ्यांना साधारण दीडशेच्या घरात कोकरं होतात. पण दुसऱ्या कोकराला दूधही लागतं. गाभणपणाच्या शेवटच्या दीड महिन्यात खुराक देता येत नसेल तर या वाटेला जाऊ नका. पावसाचं जे राजापूरच्या भावांना सांगितलं, तेच इथेही लागू आहे.

एडका-शेळीचं जमत नाही. मेंढीची गुणसूत्रं 54, शेळीची 60. गर्भ राहिला तरी बहुधा टिकत नाही.

कुडाळच्या ताईंनो, या गटारीआधीच काटा आणा. व्यापारी येण्यापूर्वी सगळे नर वजन करून घ्या, आणि पहिले दोन बाजूला बांधा.