खिडकी पूर्वेलाही हवी

प्रश्न : ताई, यजमानांच्या बदलीमुळे आम्ही फेब्रुवारीत सोलापूरहून रत्नागिरीला आलो. सोबत सत्तरीच्या सासूबाई आणि पाचवीतली मुलगी. तिकडे ४३ अंशांतही मी कधी रडले नाही, इथे ३३-३४ मध्ये दुपारी जीव नकोसा होतो. सासूबाईंना रात्रभर झोप लागत नाही. कूलर आणला होता, त्याने आणखीच चिकचिक होते. मेअखेर क्वार्टर सोडायचं आहे. दोन घरं पाहिली. एक मांडवीला, तिसऱ्या म्हणजे सगळ्यांत वरच्या मजल्यावर, नवा रंग दिलेलं, बाल्कनीतून समुद्र दिसतो. दुसरं नाचणे रोडला, जुनं कौलारू, जांभ्याच्या भिंती, विहीर. पण आत अंधार. मुलगी समुद्राच्या घरासाठी अडून बसली आहे. काय करू?
– एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : आधी तो कूलर बंद करा आणि सोलापूरला कुणाला तरी देऊन टाका. कूलर पाण्याची वाफ करून हवा गार करतो. इथली हवा आधीच वाफेने भरलेली, त्यात आणखी पाणी कुठे मावणार? तुमच्या घामाचंही तेच होतं. सोलापूरला घाम आला की लगेच सुकतो आणि सुकता सुकता अंग गार करतो. इथे तो नुसता ओघळत राहतो. म्हणून ३३ अंश तुम्हाला ४३ पेक्षा जड जातात. आपण नाजूक झालो, हे मनातून काढून टाका.

मी १९९८ साली बार्शीहून इथे आले तेव्हा मला हे कुणी सांगितलं नव्हतं. दुपारी मोरीत जाऊन बसायची आणि वाटायचं, आपल्यातच काहीतरी खोट आहे. मळखाऊ, जाड कपडे सोडून पातळ सुती वापरायला लागले, भर दुपारची बाहेरची कामं सकाळी नऊच्या आत उरकायला लागले, तहान लागायची वाट न बघता पाणी प्यायला लागले, तेव्हा हळूहळू अंग सरावलं. सासूबाईंना सकाळी मऊ पेज मीठ घालून द्या, दुपारी कोकमाचं सरबत. रक्तदाब असेल तर मिठाचं मात्र डॉक्टरांना विचारून.

आता घर. शाळेत आपण खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते इथे घर घेताना कामाला येतात. दिवसा वारा समुद्रावरून, म्हणजे पश्चिमेकडून येतो. रात्री जमीन निवते आणि वारा फिरतो, जमिनीकडून समुद्राकडे वाहायला लागतो. म्हणजे रात्रीची झुळूक पूर्वेची. तुमच्या मांडवीच्या घराला सगळ्या खिडक्या समुद्राकडेच असतील आणि मागे दुसऱ्या बिऱ्हाडाची भिंत असेल, तर संध्याकाळी बाल्कनीत छान वाटेल आणि रात्री सासूबाई पुन्हा जाग्याच. त्यात वरचा मजला. दिवसभर तापलेला स्लॅब मध्यरात्रीपर्यंत खाली ऊब सोडतो. गच्चीवर पत्र्याचं छप्पर घातलंय का, ते बघा. इथे बऱ्याच इमारतींवर असतं. ऊन आणि पाऊस दोन्ही अडवतं.

मला शेजारच्या काकूंनी घर बघायची एक रीत शिकवली होती. रात्री नऊनंतर घरी जायचं, पंखे बंद करायचे, खिडक्या उघडायच्या आणि घराच्या मध्यावर उदबत्ती लावून धरायची. धूर सरळ वर गेला, तर त्या घरात झोप नाही. आडवा वाकून एखाद्या खिडकीकडे ओढला गेला, तर घर श्वास घेतंय. दोन्ही घरांत हे करून बघा.

आणि ते ‘नवा रंग’ वाचून माझ्या पोटात गोळाच आला. आमचं पहिलं भाड्याचं घर असंच मे महिन्यात घेतलं होतं, नव्याकोऱ्या रंगाचं. जुलैत एक दिवस पश्चिमेच्या भिंतीचं कपाट पुढे ओढलं. मागची भिंत कमरेपर्यंत काळी-हिरवी. कपाटाच्या खालच्या कप्प्यात आईने दिलेला लग्नातला शालू होता. घडी उघडली तर पदरावर पांढरी बुरशी, रुपयाएवढे डाग, आणि जर काळवंडलेली. तो पदर मांडीवर घेऊन मी किती वेळ बसले असेन! मालक म्हणाले, कोकणात एवढी ओल असायचीच. खोटं नाही, पण त्या भिंतीला बाहेरून भेगा होत्या आणि त्यांना त्या ठाऊक होत्या.

इथे पाऊस वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर, आणि झड नैऋत्येकडून बसते. तेव्हा दक्षिणेची आणि पश्चिमेची भिंत बाहेरून बघा. आतून बोटांनी ठोका. गिलावा पोकळ वाजला किंवा रंगाखाली फुगवटे हाताला लागले, तर रंग कशासाठी दिलाय ते समजा. समुद्राजवळ लोखंडी ग्रीलही बघा. खारी हवा लोखंड खाते. गंजलेली खिडकी पावसात लागत नाही.

माझं मन नाचणे रोडच्या घराकडे आहे. कौलांखाली गरम हवा वर निघून जाते, जाड जांभ्याच्या भिंती लवकर तापत नाहीत. अंधारावर उपाय सोपा, मालकांना चार काचेची कौलं बसवायला सांगा. पण दोन गोष्टींची खात्री केल्याशिवाय हो म्हणू नका. पहिली, विहीर. जांभ्यातून पाणी झिरपून जातं, एवढा पाऊस पडूनही मे महिन्यात कित्येक विहिरी तळाला जातात. आत्ताच जाऊन वाकून बघा आणि शेजारणीला विचारा, टँकर लागतो का. दुसरी, घर शाकारून, म्हणजे कौलं नीट बसवून, कोण देणार? माकडं कौलं फोडतात. आगोटीच्या आधी, म्हणजे मे संपायच्या आत ते काम व्हायला हवं. अकरा महिन्यांच्या करारात गळतीची दुरुस्ती कोणाकडे, हे लिहून घ्या. करार नोंदवून घ्या. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने तो नोंदवावाच लागतो आणि ती जबाबदारी मालकाची आहे.

मुलीला सांगा, मांडवीचा समुद्र कुठे जात नाही. रोज संध्याकाळी तिला घेऊन जा, सासूबाईंनाही बाकावर बसवा. समुद्र बघून रात्री निवांत झोपायला घरी यायचं, असं तिला पटवा.

आणि एक. गावाकडून कडक भाकरी येत असेल, तर पावसाळ्यात ती उघडी ठेवू नका, तासाभरात मऊ पडते. घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवा, लागेल तेवढीच काढा, तव्यावर मंद आचेवर पुन्हा शेका. पहिल्या पावसात घरची आठवण फार येते. तेव्हा तो डबा भरलेला असू द्या.