शर्यतीसाठी जन्मलेल्या पाचशे गाड्या

मागच्या अंकात ऐंशीच्या दशकातल्या टूरिंग कार शर्यतींचा ओझरता उल्लेख केला होता. दिसायला रस्त्यावरच्या गाडीसारख्याच, चार सीटांच्या गाड्यांच्या या शर्यती. त्यावर बरीच पत्रं आली. त्यातली काही निवडून उत्तरं देते. घाट रोडवरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात उभं राहूनच हा विषय मला जडला, त्यामुळे दोन-तीन उत्तरं लांबली आहेत.

प्रश्न : फोर्ड सिएरा आरएस ५००, बीएमडब्ल्यू एम-३ इव्होल्यूशन... जिथं बघावं तिथं ‘जेमतेम पाचशे गाड्या बनल्या’ असं असतं. कंपन्यांना गिऱ्हाईक मिळत नव्हतं, की भाव वाढावा म्हणून मुद्दाम कमी काढत होत्या? (अभियांत्रिकीचा विद्यार्थी, हिंगणा रोड)

दोन्ही नाही. तो आकडा कंपन्यांनी ठरवलेलाच नव्हता. १९८२ साली टूरिंग कारसाठी ‘ग्रुप ए’ ही आंतरराष्ट्रीय नियमावली आली. तिचा गाभा एवढाच, की जी गाडी शर्यतीत पळवायची ती आधी लोकांसाठी बनली पाहिजे, सलग बारा महिन्यांत निदान ५००० नग. एकदा ती मान्य झाली की तिची सुधारलेली आवृत्ती मान्य करून घ्यायला आणखी ५०० नग पुरत. या आवृत्तीला इव्होल्यूशन म्हणायचे. शर्यतीच्या गाडीत मोठा टर्बो (इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंप) किंवा मागे मोठा पंख हवा असेल, तर तो आधी पाचशे गिऱ्हाइकांच्या गाडीत बसवून द्या, मग ट्रॅकवर या. त्या काळच्या दुर्मीळ गाड्या बहुतेक अशाच जन्मल्या.

सिएराचंच घ्या. मूळ सिएरा आरएस कॉसवर्थ १९८६ ची, दोन लिटरचं चार सिलिंडरचं टर्बो इंजिन, २०४ हॉर्सपॉवर. १९८७ मध्ये त्यातल्या ५०० गाड्या टिकफर्ड या इंग्लिश कंपनीनं बदलून दिल्या, तीच आरएस ५००. टर्बो मोठा, त्याची गरम हवा गार करणारा इंटरकूलर मोठा, इंजिनाच्या ब्लॉकच्या भिंती जाड. रस्त्यावर मात्र ताकद वाढली फक्त २० हॉर्सपॉवरनं. एवढ्यासाठी एवढा खटाटोप का, हे बॉनेट उघडलं की कळतं. चार सिलिंडरच्या या इंजिनावर पेट्रोल फवारणारे इंजेक्टर आहेत आठ. पहिली चारांची रांग चालू, दुसरी नुसती बसवलेली, रस्त्यावरच्या गाडीत तिला काम नाही. गिऱ्हाइकानं ज्याचे पैसे मोजले ते चार इंजेक्टर त्याच्यासाठी नव्हतेच. शर्यतीच्या संघानं ती दुसरी रांग जागी करायची, बूस्ट, म्हणजे टर्बोच्या हवेचा दाब, वाढवायचा, आणि तेच इंजिन ५०० हॉर्सपॉवरच्या पुढे जायचं. माझ्या काउंटरवर कुणी चार सिलिंडरसाठी आठ इंजेक्टर मागितले असते तर मी त्याला गाडीच घेऊन ये म्हटलं असतं!

बीएमडब्ल्यूनं टर्बोला हातच लावला नाही. पाउल रोशे हे त्यांचे इंजिन बनवणारे. त्यांनी सहा सिलिंडरच्या इंजिनाचं हेड, म्हणजे सिलिंडरवरचा झाकणाचा भाग, घेतलं, दोन सिलिंडरएवढा भाग सरळ करवतीनं कापला आणि उघड्या पडलेल्या जागेवर पत्रा वेल्ड केला. पहिला नमुना दोन आठवड्यांत तयार. त्यातून आलं २.३ लिटरचं एम-३ चं इंजिन. ताकद सिएराच्या निम्मीच म्हणा ना, पण गाडी हलकी, वळणावर ठाम, टायर जपणारी. एकीकडे सरळ रस्त्यावर सुसाट सुटणारी सिएरा, दुसरीकडे ब्रेक मारताना आणि वळताना गेलेलं अंतर भरून काढणारी एम-३. माझ्या मते यंत्रायंत्रांमधली इतकी तुल्यबळ जोडी टूरिंग कारमध्ये पुन्हा झाली नाही.

प्रश्न : सिएरा एवढी वेगवान होती, तर १९८७ च्या बाथर्स्टचा विजेता म्हणून होल्डनचं नाव का? (निवृत्त बँक कर्मचारी, महाल)

काका, कारण आहे चाकावरची कमान. होल्डन ही ऑस्ट्रेलियातली तेव्हाची गाड्यांची कंपनी, कमोडोर ही तिची गाडी. बाथर्स्ट ऑस्ट्रेलियात, माउंट पॅनोरमा नावाच्या डोंगरावर. एरवी तो लोकांच्या वहिवाटीचाच रस्ता. शर्यत १००० किलोमीटरची, ६.२१३ किलोमीटरच्या १६१ फेऱ्या. १९८७ साली ती जागतिक अजिंक्यपदाचा भाग होती. फोर्ड पळवणाऱ्या एगेनबर्गर संघाच्या दोन सिएरा आरएस ५०० पहिल्या आणि दुसऱ्या आल्या. पहिलीत स्टीव्ह सोपर आणि पिएर द्यूदोने, दुसरीत क्लाउस लुडविग आणि क्लाउस निडझ्वीट्स. स्थानिक संघांनी हरकत घेतली, की पुढच्या चाकांवरच्या कमानी आतून बदलल्यात. काही महिन्यांनी निकाल लागला आणि दोन्ही गाड्या बाद झाल्या.

कमान थोडी वर सरकवून एवढं काय साधतं, असं वाटेल. तिथं मोठा टायर बसतो. मोठा टायर कमी तापतो, जास्त वेळ टिकतो. ५०० हॉर्सपॉवरच्या गाडीचा सगळा जीव टायरमध्ये असतो. संघ ताकदवान होता, गाडी सर्वांत वेगवान होती, तरी पाचशे गिऱ्हाइकांना विकलेल्या गाडीत जे नाही ते शर्यतीच्या गाडीत चालणार नाही, हा या खेळाचा पायाच आहे. तो निकाल मला शंभर टक्के बरोबर वाटतो. त्याच हंगामात इटलीतल्या मोंझाला पहिल्या सहा एम-३ बॉडीच्या भागांवरून बाद झाल्या आणि सातव्या नंबरला आलेली अ‍ॅलन मॉफट आणि जॉन हार्वी यांची कमोडोर विजेती ठरली. म्हणजे कायदा एकट्या फोर्डलाच लागला असंही नाही. शेवटी ड्रायव्हरांचं जागतिक पद निसटत्या फरकानं एम-३ च्या रोबेर्तो राव्हाल्याकडे गेलं, संघाचं फोर्डकडे राहिलं.

पण बाथर्स्टला विजेता ठरलेल्या तिसऱ्या गाडीची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. ती पीटर ब्रॉक, डेव्हिड पार्सन्स आणि पीटर मॅक्लाउड यांची होल्डन कमोडोर. ब्रॉक म्हणजे बाथर्स्टचा राजा, याआधी आठ वेळा तिथं जिंकलेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला होल्डननं त्याच्याशी संबंध तोडले होते. तो आपल्या गाड्यांत ‘एनर्जी पोलरायझर’ नावाची डबी बसवायला लागला होता. आत चुंबकं आणि स्फटिक. त्यानं गाडी सुधारते अशी त्याची मनापासून श्रद्धा, आणि होल्डनचे इंजिनिअर ते मानायला तयार नव्हते. आपल्याकडेही पेट्रोलच्या नळीला चुंबक लावा, अ‍ॅव्हरेज वाढेल, म्हणणारे विक्रेते यायचे. मी तसला माल दुकानात कधी ठेवला नाही, कारण नळीतून जाणाऱ्या पेट्रोलवर चुंबकाचा काही परिणाम होत नाही. त्या वादात मी इंजिनिअरांच्या बाजूची. पण ड्रायव्हर म्हणून ब्रॉकला तोड नव्हती. कारखान्याचं पाठबळ गेलेलं, त्याची स्वतःची गाडी इंजिन फुटून लवकर बाहेर. तो आणि पार्सन्स मग संघाच्या दुसऱ्या गाडीत बसले, नियमात ते चालत होतं. शेवटी पाऊस आला, आणि ब्रॉकनं कोरड्या रस्त्याच्या गुळगुळीत टायरवर, ओल्या डोंगरावरून गाडी तिसरी आणली. हा त्याचा नववा आणि शेवटचा बाथर्स्ट विजय.

प्रश्न : ताई, यंत्रांचं राहू द्या. माणसामाणसांत सर्वांत जबरदस्त चुरस कोणाची? (गृहिणी, प्रतापनगर)

ब्रॉक आणि डिक जॉन्सन यांची. जॉन्सन ब्रिस्बेनचा, फोर्डवाला, स्वतः हातात पाना धरणारा. १९८० च्या बाथर्स्टला त्यानं होतं नव्हतं ते फाल्कन गाडीत घातलं. गाडी पुढे होती. तेवढ्यात रस्त्यात मोठा दगड आला, चुकवायला जागा नव्हती, गाडी आदळून निकामी झाली. टीव्हीवर त्याचा चेहरा पाहून लोकांचे फोन सुरू झाले आणि मदतीचा ओघ लागला. जेवढे लोकांनी दिले तेवढेच पैसे फोर्डनं वरून घातले. पुढच्याच वर्षी, १९८१ ला, जॉन्सननं ऑस्ट्रेलियाचं अजिंक्यपद लेकसाइडच्या शेवटच्या शर्यतीत ब्रॉकला हरवून घेतलं, आणि त्याच मोसमात जॉन फ्रेंचबरोबर बाथर्स्टही जिंकलं. लोकांच्या पैशानं उभी राहिलेली गाडी लोकांना जिंकून दाखवली! पुढे १९८८ आणि १९८९ चं अजिंक्यपद त्यानं सिएरातून मिळवलं. ऑस्ट्रेलियात घराघरांत होल्डनवाले आणि फोर्डवाले असे तट पडले, त्यात या दोघांचा वाटा मोठा आहे.

प्रश्न : आयर्टन सेन्ना मर्सिडीजच्या साध्या चार दरवाजांच्या गाडीत शर्यत जिंकला होता, हे खरं का? (अकरावीची विद्यार्थिनी, धरमपेठ)

अगदी खरं. १२ मे १९८४, जर्मनीतल्या न्यूर्बुर्गरिंग या शर्यतीच्या नव्या ट्रॅकचं उद्‌घाटन. मर्सिडीजच्या एकसारख्या १९० ई २.३-१६ गाड्या आणि त्यात बसलेले फॉर्म्युला वनचे एकाहून एक दिग्गज: निकी लाउडा, अलँ प्रोस्ट, केके रोसबर्ग, जेम्स हंट, अगदी स्टर्लिंग मॉस आणि जॅक ब्रॅबहमसुद्धा. सेन्नाचं तेव्हा फॉर्म्युला वनमधलं पहिलंच वर्ष, त्याला ओळखणारे कमी. सगळ्यांना गाडी सारखीच मिळाली होती आणि तो पहिला आला, लाउडा दुसरा. ही प्रदर्शनी शर्यत होती, अजिंक्यपदाची नव्हे. पण गाडी सारखी असली की ड्रायव्हर उघडा पडतो, आणि त्या दिवशी तेच झालं.

प्रश्न : एकही शर्यत न जिंकता कुणी विजेता होऊ शकतो का? (शिक्षक, काटोल रोड)

झालाय. बेल्जियमचा एरिक व्हान द पूल, १९८७ चं जर्मन अजिंक्यपद, बीएमडब्ल्यू एम-३. जिंकला नाही, पण सातत्यानं गुण घेत राहिला. ब्रिटनमध्ये तर गुण आपापल्या इंजिनाच्या वर्गातले असायचे, त्यामुळे पुढे पळणाऱ्या मोठ्या गाड्या सोडून छोट्या टोयोटा कोरोलाचा क्रिस हॉजेट्स १९८६ आणि १९८७ ला विजेता झाला.

प्रश्न : रामदासपेठेतल्या आमच्या घराच्या शेडमध्ये मामांची स्टँडर्ड २००० वर्षानुवर्षं उभी आहे. कुणी म्हणतं ही इंग्लंडची रेसची गाडी, कुणी म्हणतं ट्रॅक्टरचं इंजिन आहे. खरं काय, आणि ती चालू होईल का? (एक वाचक, रामदासपेठ)

दोघंही खरं बोलतात. तुमच्या गाडीची बॉडी ब्रिटनच्या रोव्हर एसडी-१ ची. तिची व्हिटेस ही आवृत्ती, साडेतीन लिटरचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, टॉम वॉकिनशॉच्या संघानं युरोपभर पळवली. १९८३ ला ब्रिटनमध्ये स्टीव्ह सोपर तिच्यातून अजिंक्यपद जिंकला आणि नियमात न बसणाऱ्या बदलांवरून ते काढून घेतलं गेलं, ते अल्फा रोमिओच्या अँडी राउसला मिळालं. पुढच्याच वर्षी राउसनं रोव्हर व्हिटेसमधूनच पुन्हा अजिंक्यपद घेतलं. १९८६ ला डेन्मार्कचा कुर्ट थीम याच गाडीतून जर्मनीचा विजेता झाला.

मद्रासच्या स्टँडर्ड मोटरनं १९८५ मध्ये ही बॉडी आपल्याकडे आणली, गाडी रस्त्यापासून उंच केली आणि व्ही-८ च्या जागी १९९१ सीसीचं, व्हॅनगार्ड या जुन्या गाडीच्या घराण्यातलं इंजिन बसवलं. त्याच घराण्याचं इंजिन फर्ग्युसन ट्रॅक्टरमध्येही होतं. एवढी मोठी बॉडी त्या इंजिनाला ओढवेना, किंमत जास्त, पेट्रोल जास्त, आणि १९८८ च्या सुमारास उत्पादन थांबलं. माझ्या मते इतक्या देखण्या बॉडीवर हा अन्यायच झाला. पण म्हणूनच आज ती दुर्मीळ आहे. भंगारवाल्याला देऊ नका.

आता चालू करण्याबद्दल. बॅटरी लावून सरळ सेल्फ मारू नका, धक्काही देऊ नका. आधी टाकीतलं जुनं पेट्रोल पूर्ण काढा. चारही प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. मग गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) पुलीला पाना लावून हातानं हळू फिरवून बघा. अडलं तर जोर करू नका, पुन्हा ऑइल सोडा. रेडिएटरचे आणि पेट्रोलचे सगळे होज, ब्रेकची रबरं विनातक्रार बदला, नागपूरच्या उन्हाळ्यांत त्यांचा जीव गेलेलाच असणार. ब्रेक तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढू नका.

डिपस्टिकवरचं ऑइल दुधाळ दिसलं तर पाणी आत उतरलंय. या इंजिनाचे लायनर (ज्यात पिस्टन वरखाली होतो त्या नळ्या) ओले, म्हणजे बाहेरून पाण्यात उभे, खाली गॅसकेटवर बसलेले. हेड उघडायची वेळ आली तर मेकॅनिकला आधीच सांगा, की लायनर दाबून धरणारे क्लँप लावल्याशिवाय क्रँक फिरवायचा नाही. लायनर केसभर वर उचलला तरी खालची गॅसकेट जाते आणि पाणी थेट खालच्या ऑइलच्या चेंबरमध्ये येतं. आणि जुनी गॅसकेट निघाली की फेकू नका, नमुना म्हणून जपून ठेवा. तयार मिळाली नाही तर त्याच मापावर नवीन कापून घेता येते.