सहाव्या हेलिक्सकडे बघ

फोंडा, गोवा

सप्रेम आशीर्वाद.

रिसेप्टरवर, म्हणजे पेशीपटलात बसून बाहेरचा निरोप आत पोचवणाऱ्या प्रोटीनवर, पीएचडी करायचं म्हणतेस आणि लगेच विचारतेस, ‘अल्फाफोल्ड या एआय प्रोग्रामने प्रोटीनांचे आकार सांगून टाकलेत, मग आता उरलं काय?’ पुष्कळ उरलंय. आज रात्री एक कर. प्रोटीन डेटा बँकेतून, म्हणजे प्रोटीनांच्या रचनांच्या खुल्या संग्रहातून, दोन फायली उतरवून घे: २आरएच१ आणि ३एसएन६. दोन्हींत बीटा-२ ॲड्रेनर्जिक रिसेप्टर आहे. पावसाळ्यात आपल्याकडचे दमेकरी जो पंप ओढतात, त्यातलं सॅल्बुटामॉल यालाच जाऊन चिकटतं. पहिली रचना २००७ ची, निष्क्रिय. दुसरी २०११ ची, पेशीच्या आत निरोप पुढे नेणाऱ्या जी-प्रोटीनला जोडलेली. एकावर एक ठेवून बघ. औषध बसतं त्या खोबणीत फारसं हललेलं दिसणार नाही. पेशीच्या आतल्या टोकाला मात्र सहावी हेलिक्स (प्रोटीनच्या साखळीचा मळसूत्रासारखा पीळ) १४ अँगस्ट्रॉम बाहेर सरकलीय. अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग, तरी प्रोटीनच्या मानाने ही मोठीच उडी. तिथे झालेल्या जागेत जी-प्रोटीन शिरतं आणि निरोप आत पोचतो. वर एवढंसं हललं तर खाली एवढं का हलतं, आणि दोन औषधं त्याच रिसेप्टरला वेगवेगळं कसं वागवतात? तुझा विषय मला इथे दिसतो.

अल्फाफोल्ड खुशाल वापर. त्याच्या चित्रातल्या नारंगी भागांवर मात्र विसंबू नकोस. तिथे खात्री नाही, हे तो स्वतःच सांगतोय.

या रिसेप्टरचं जनुक १९८६ मध्ये हाती आलं, स्फटिकातली रचना २००७ मध्ये. पेशीच्या आतल्या बाजूचा तिसरा लूप, म्हणजे दोन हेलिक्सना जोडणारा फास, इतका ढिला, की स्फटिक धरेना. मग शास्त्रज्ञ ब्रायन कोबिल्का यांच्या गटाने तो कापून तिथे टी-४ विषाणूचं लायसोझाइम हे घट्ट घडीचं प्रोटीन बसवलं. त्यांना मिळालेल्या २०१२ च्या नोबेलचं कौतुक सगळे करतात. मला हा जुगाड जास्त आवडतो.

म्हणून पहिलं वर्ष शुद्धीकरणाला दे. पेशीपटलातून डिटर्जंटने बाहेर काढलं की हे प्रोटीन रुसतं, गोळा होऊन बसतं. प्रोटीन आकारानुसार वेगळी करणाऱ्या कॉलमच्या आलेखावर एकच नीट शिखर येत नाही तोवर मायक्रोस्कोपचं नावही काढू नकोस. जेलवर प्रोटीन वेगळं करून बघणं, कॉलम हे सगळं गोव्यात शिकता येईल. क्रायो-ईएमसाठी, म्हणजे गोठवलेले नमुने बघणाऱ्या इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपसाठी, बेंगळुरूसारखं ठिकाण गाठावं लागेल, आणि रिसेप्टर वाढवायला बहुधा कीटकपेशी लागतील. त्या सांभाळणारी प्रयोगशाळा आधी हेर.

गाईड निवडताना पेपर मोजत बसू नकोस. त्यांच्या जुन्या विद्यार्थ्यांना गाठून विचार, प्रोटीन बिघडलं की सर ओरडतात, की शेजारी बसून जेल बघतात? ओरडणारे असतील तर नाव कितीही मोठं असो, नको.

फायलींचा मेळ लागला नाही तर रविवारी लॅपटॉप घेऊन ये. सकाळी मी म्हार्दोळला देवळात असतो, दुपारनंतर घरीच आहे.

तुझा,
सर