डेस्क स्वस्त मिळाले, पण वाकले

प्रश्न : खटाव तालुक्यातल्या आमच्या शाळेसाठी तीन दरपत्रकं मागवून 40 ड्युअल डेस्क (दोघांनी बसायचे बाक) घेतले. सर्वांत कमी दराचे घेतले, तर दोन महिन्यांत पाय वाकले, फळ्या फुगल्या. नियम पाळूनही असं का? उरलेले 40 कसे घ्यावेत?

उत्तर : दर नव्हे, मागणीपत्र चुकलं. ‘चांगल्या प्रतीचे लोखंडी डेस्क’ एवढंच लिहिलं, की पुरवठादार 20 गेजचा पातळ पाइप देतो (गेजचा आकडा जितका मोठा, तितका पत्रा पातळ) आणि नियमाने त्याला अडवता येत नाही. 25 मिमी चौकोनी पाइप, जाडी किमान 1.6 मिमी (म्हणजे 16 गेज), 18 मिमी प्लायवूड, कडा पट्टीने बंद, पायांना रबरी बूट, असं मोजता येईल ते लिहा. पार्टिकल बोर्ड ओल धरतो, तो स्पष्ट नाकारा. कंपनीचं नाव मात्र घालू नका, त्याने स्पर्धाच संपते.

पुरवठा आदेशात ‘आधी एक नमुना मंजूर, मग बाकीचे’ ही अट घाला. मंजूर नमुन्यावर सही-शिक्का करून तो शाळेतच ठेवा. माल आल्यावर मधूनमधून कोणतेही पाच-सहा नग व्हर्नियरने (जाडी अचूक मोजायचं साधन) मोजा. पाइपचं उघडं तोंड प्लास्टिक टोपीखाली असतं, टोपी काढायला लाजू नका! तपासणी झाल्यावरच साठा नोंदवहीत नोंद आणि बिल.

उरलेल्यांसाठी 20-20 चे दोन आदेश काढून निविदेची मर्यादा (ज्या रकमेच्या वर निविदा काढावीच लागते) टाळू नका. लेखापरीक्षणात पहिला आक्षेप तोच येतो. आणि तिन्ही दरपत्रकांवर एकच हस्ताक्षर नाही ना, तेही बघा.