तेलाच्या प्लॅटफॉर्मखालची पिले

चि.,
सप्रेम आशीर्वाद.

परभणीत राहून समुद्रातील तेल-वायू प्लॅटफॉर्मखाली वाढणाऱ्या मत्स्यपिलांचा अभ्यास हाती घ्यावा का, असे तू विचारले आहेस. अवश्य घ्यावा, मात्र प्रश्न आधी नीट बेतून घे. हे मासे तेथेच लहानाचे मोठे होतात की इतरत्र वाढून तेथे नुसते गोळा होतात, हा या विषयातला मूळ वाद आहे आणि केवळ मोठे मासे मोजून तो मिटत नाही.

अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ मत्स्यशास्त्रज्ञ मिल्टन लव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या पाणबुडीतून पिलांचीच पाहणी केली. तेथील रॉकफिश या माशाची मादी अंडी न घालता सूक्ष्म पिलांना जन्म देते. ती काही महिने प्रवाहाबरोबर वाहत राहतात आणि मग आसरा शोधू लागतात. तळापासून पृष्ठभागापर्यंत उभे असलेले प्लॅटफॉर्मचे पोलादी खांब त्यांना पाण्याच्या मधल्या थरातच भेटतात, आणि त्या थरात त्यांना खाणारे मोठे मासे कमी असतात. तळाशी मात्र खांबांवरून गळालेल्या शिंपल्यांचे ढीग साचतात आणि तेथे थोराड माशांचा वावर असतो. म्हणून संपूर्ण प्लॅटफॉर्मची एकच सरासरी देणे मला निरर्थक वाटते. खोली आणि वय यांच्या नोंदी वेगवेगळ्याच हव्यात. तेव्हा अतिमासेमारीने खालावलेल्या बोकाचिओ या रॉकफिशच्या जातीची किमान ४,३०,००० पिले २००३ मध्ये अवघ्या ८ प्लॅटफॉर्मवर असल्याचा या गटाचा अंदाज आहे. त्या जातीच्या साऱ्या टापूत वर्षाकाठी सरासरी जितकी पिले जगतात, त्यांच्या सुमारे २० टक्के इतकी ती होती.

हा आकडा आपल्या मुंबई हाय या समुद्रातील तेलक्षेत्राला लावू नकोस. तेथील पाणी उबदार आहे, मासे निराळे आहेत. पण प्रश्न तोच आहे, आणि निकडीचाही आहे, कारण तेलविहीर आटली की प्लॅटफॉर्मचा सांगाडा पूर्ण काढावा की वरचा भाग कापून उरलेला पाण्यात ठेवावा, हे ठरवावे लागते. अमेरिकेतील लुइझियाना राज्याने १९८६ पासून असे सांगाडे कृत्रिम प्रवाळखडक म्हणून ठेवण्याची योजना राबवली आहे. पिले कोणत्या खोलीवर राहतात हे कळल्यावाचून कुठे कापावे, हे सांगता येणार नाही.

तोवर येलदरीच्या जलाशयावर हात बसव. पाण्याखाली गेलेल्या झुडपांपाशी आणि उघड्या पाण्यात सापडणारी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिले, मासेमारांच्या मदतीने वेगवेगळी मोज, प्रत्येकीची लांबी लिही, पाण्याची खोली दोरीने माप आणि पहिल्या महिन्याच्या नोंदी मला पाठव.

तुझा शुभचिंतक