मोठं होण्याच्या कथा मुलांना खरंच कळल्या का, हे चाचणीत कसं तपासायचं?

तुमचा प्रश्न असा, की नववीला बालपण मागे पडण्याच्या तीन-चार कथा शिकवून झाल्यात, आता 20 गुणांची चाचणी काढायची आहे, आणि मागच्या वेळी बहुतेक पोरांनी "या कथेतून आपल्याला असा बोध मिळतो की..." एवढंच लिहून ठेवलं होतं.

मग आधी बोध विचारणं बंद करा. पोरं तेच लिहितात, कारण आपण शिक्षक त्यालाच गुण देत आलोय. "प्रामाणिकपणे वागावं, आईवडिलांचा मान राखावा" हे वाक्य कथा न वाचता लिहिता येतं आणि कुठल्याही कथेखाली खपतं. जे उत्तर कथा न वाचता लिहिता येतं, त्याने आकलन तपासलं जात नाही. शिक्षकांच्या खोलीत यावर वाद होतो, "संस्कार कुठे गेले मग?" असं विचारलं जातं. संस्कार वर्गात करा, परिपाठात करा. गुण मात्र वाचण्याला द्या.

दुसरं, शिकवलेल्या कथेवर चाचणी घेऊ नका. त्यात तुमचं स्पष्टीकरण आणि गाईड किती पाठ झालं एवढंच कळतं. न शिकवलेली 300 ते 350 शब्दांची कथा द्या. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात ती दोनदा वाचून लिहायला वेळ उरतो. आपल्याकडे खानदेशात याचा आणखी एक फायदा आहे. चाळीसगाव, नंदुरबारकडची कितीतरी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात. तुम्ही कथा शिकवली तेव्हा ती वर्गात नसतात. नव्या कथेपुढे सगळे सारखेच.

कथा स्वतः लिहिली तरी चालते. समजा अशी: कापसाचे दिवस. ओसरीपासून मधल्या खोलीपर्यंत कापूस भरलाय, पोरं त्यावरच झोपतात, रात्रभर अंग खाजतं. सुरुवातीलाच जाता जाता एक वाक्य येतं, की पेरणीला बियाण्या-खताचे पैसे शेठकडूनच आणले होते. मग खेडा खरेदीवाला शेठ टेम्पो घेऊन दारात येतो, काटा लागतो, आणि तेरा वर्षांचा पोरगा पहिल्यांदाच वहीत वजनं लिहायला बसतो. एका गाठोड्याला काट्यावर 42 दिसतं, हमाल 40 म्हणतो. पोरगा ओरडतो, "42 आहे!" शेठ हसतो. आबा काट्याकडे बघत नाहीत, पोराकडेही बघत नाहीत. म्हणतात, "लिही, 40." तो लिहितो. संध्याकाळी वहीच्या शेवटच्या पानावर तो एकच आकडा लिहितो, 42. शेवटचं वाक्य: "त्या दिवशी मला आबांचा राग आला होता, तो जायला बरीच वर्षं लागली."

यावरचा मुख्य प्रश्न: आबांनी 40 लिहायला का सांगितलं? कथेतल्या दोन जागा दाखवून उत्तर द्या. (3 गुण)

"कथेतल्या दोन जागा" हे शब्द गाळू नका, सगळा जोर तिथेच आहे. गुणदान योजना पेपर काढतानाच लिहून ठेवा. "आबा भित्रे होते" किंवा "आपण भांडू नये" याला शून्य, कारण पहिल्यात शिक्का आहे आणि दुसऱ्यात उपदेश. "आबांना शेठची भीती होती" याला 1, अंदाज बरोबर पण आधार नाही. "आबांनी काट्याकडे पाहिलंच नाही, म्हणून त्यांना 42 दिसलं नाही" या उत्तरावर शिक्षक अडखळतात. याला 1 द्या. पोराने कथेतली जागा पकडलीये, फक्त आबांनी मान का वळवली हे विचारायचं राहिलंय. पैसे शेठकडून आणल्याचं वाक्य धरून "देणं होतं म्हणून बोलता आलं नाही" लिहिलं तर 2. ते वाक्य आणि न पाहणारे आबा या दोन्ही जागा "म्हणून"ने जोडल्या तर 3.

यात एक अडचण येते. कापूसवाल्या घरातलं पोर कथा अर्धी वाचूनही लिहील, "शेठकडून उचल घेतली की असंच होतं." हे त्याला घरून माहीत आहे. उत्तर बरोबर असलं तरी कथेतली जागा नसेल तर 1 च. उलट जळगाव शहरातल्या पोराला खेडा खरेदी म्हणजे काय तेच माहीत नसतं. म्हणून कथेच्या वर एक ओळ टाका: व्यापारी गावात येऊन दारातच कापूस मोजून नेतो, त्याला खेडा खरेदी म्हणतात.

पुढचा प्रश्न 5 गुणांचा: हा मुलगा नेमका कुठे बदलला? ती ओळ उतरवा, त्याआधीचा मुलगा दाखवणारी दुसरी ओळ उतरवा, आणि फरक सांगा. ओळींना 1-1, फरकाला 3. इथे एकच नमुना उत्तर धरून बसू नका. 40 लिहिणं, मागच्या पानावर 42 लिहिणं, शेवटचं वाक्य, तिन्ही जागा कारणासह चालतील. "42 आहे!" ओरडण्याला मात्र मी फरकाचे गुण देणार नाही. बहुतेक पोरं तीच जागा निवडतात, कारण ती धाडसाची आहे. पण ओरडताना तो अजून लहानच आहे. काट्याने दाखवलं की वाद मिटला, असं त्याला वाटतंय.

सांगणाऱ्याच्या वयावर 4 गुण ठेवा, कारण अशा कथांत दोन वयं असतात: ज्याच्यावर गुदरलं ते पोर आणि जो सांगतोय तो मोठा माणूस. श्यामची आई घरोघर माहीत आहे, तरी "लहान श्याम गोष्ट सांगतो" असंच लिहिलेलं सापडतं. सांगणारा श्याम मोठा झालेला आहे. प्रश्न असा करा: शेवटचं वाक्य बोलणाऱ्याला आता काय कळलंय, जे वजनं लिहिताना कळलं नव्हतं?

उरलेले 4 गुण घटनाक्रमाला आणि 4 बहुपर्यायीला. घटनाक्रमात शेठकडून पैसे आणल्याचं वाक्य घालाच, कारण ते घडलं पेरणीला आणि सांगितलंय वेचणीनंतर. बहुपर्यायीत चुकीचा प्रत्येक पर्याय एखाद्या खऱ्या चुकीच्या वाचनातून यायला हवा: एक शब्दशः, एक उपदेशाचा, एक अर्धंच वाचणाऱ्याचा. जो पर्याय कोणीच निवडत नाही तो फुकटचा. हुशार पोरं जिथे जास्त चुकतात आणि कच्ची बरोबर येतात, तो प्रश्नच सदोष, त्याचे गुण सगळ्यांना देऊन टाका. पेपर देण्याआधी दुसऱ्या तुकडीतल्या पाच-सहा पोरांना कथा न देता नुसते प्रश्न द्या. त्यांना जे सुटतील ते काढून टाका.

तपासताना सगळ्यांचा एकच प्रश्न आधी तपासा, मग दुसरा. सुरुवातीचे पाच पेपर शेवटी पुन्हा काढून बघा, तोवर आपला हात सैल किंवा घट्ट झालेला असतो.

आणि भाषा. "आबाले माहीत व्हतं, पन पेरणीले तेनी शेठनी उचल लेयेल व्हती" असं कोणी अहिराणीत लिहिलं, तर ते 2 गुणांचं उत्तर आहे आणि त्याला 2 च मिळाले पाहिजेत. प्रमाण मराठी नाही म्हणून आकलनाचे गुण कापणाऱ्यांशी माझं कधीच पटलेलं नाही. शुद्धलेखन तपासायचं तर त्याचा वेगळा प्रश्न आणि वेगळे गुण ठेवा. धडगाव, अक्कलकुव्याकडे घरी पावरी किंवा भिली बोलणारं पोर लिहिताना अडलं, तर पाच मिनिटं तोंडी विचारा, तीच गुणदान योजना लावा.

"तुमच्या आयुष्यात असं कधी घडलं?" हा प्रश्न गुणांसाठी नको. पोरं लपवतात किंवा रचून लिहितात, आणि शाळा सुटायच्या किंवा लग्न ठरायच्या बेतात असलेल्या मुलीला आपण भर वर्गात उघडं पाडतो.

एक सांगायचं राहिलं. साठ-सत्तरचा वर्ग असेल तर सगळे प्रश्न झेपणार नाहीत. आबांचा आणि बदलाचा ठेवा, बाकी बहुपर्यायी करा. दहावीला दिवाळीनंतर बोर्डाच्या कृतिपत्रिकेचाच, म्हणजे प्रश्नपत्रिकेचाच, सराव द्यावा लागतो. चौकटी आणि आकृतिबंध उताऱ्यातला शब्द उचलून भरता येतात, तिथे आकलन फार दिसत नाही. पण 3 गुणांच्या स्वमतात दोन जागा दाखवायची ही सवय तिथेही कामाला येते, म्हणून ती नववीतच लावा.