इंदूरमधल्या पाच जणांच्या आयटी कन्सल्टिंग फर्मनं प्रिन्स२ ही प्रकल्प व्यवस्थापनाची पद्धत पूर्ण राबवावी का?

पूर्ण नको, टप्पे, टॉलरन्स (वेळ-खर्चात किती फरक चालेल याची मर्यादा) आणि बदलांची नोंदवही एवढं मात्र पहिल्या दिवसापासून धरा. प्रकल्पाप्रमाणे पद्धत बेतून घेणं हे प्रिन्स२च्या ७ तत्त्वांपैकीच एक आहे, त्यामुळे नियम मोडला असं होत नाही. इंदूरजवळच्या पीथमपूरच्या कारखान्यांची ईआरपीची (हिशेब, साठा, खरेदी एकत्र सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरची) कामं मी बघतो. तिथे गाडी अडते ती “भैया, जीएसटीच्या रिपोर्टमध्ये एवढा एक कॉलम वाढवून द्या ना” इथेच. कोणी मागितला, किती दिवस लागतील, पैसे कोण देणार, हे लिहून मालकाची सही घेतल्याशिवाय कोडला हात लावू नका. (व्हॉट्सॲपवरचा अंगठा म्हणजे सही नव्हे.) टॉलरन्सही आधीच ठरवा: समजा, आठवडाभराचा उशीर तुम्ही निस्तरायचा, त्यापुढचा लगेच मालकाच्या कानावर घालायचा. सरकारी टेंडर असेल तर मात्र त्यात मागितलेली कागदपत्रं सगळी द्यावीच लागतात.